घरून कामाला जाणारी गाडी

पुण्याच्या एका संस्थेने घरून काम करण्यावर एक जाडजूड अहवाल काढला आहे. काम कसं बदललं, प्रवास किती घटला, समाजाचं काय झालं, सगळं त्यात आहे. एक प्रत माझ्याकडे रत्नागिरीतल्या मांडवीच्या घरी आहे. सध्या तिच्यावर मिक्सर ठेवते, म्हणजे तो सरकत नाही. त्या अहवालात आमच्या तालुक्यातली बरीच गावं आहेत, पण एक गाव नाही. त्या गावाचं घर न् घर मी पायाखाली घातलं, प्रत्येक पडवीत सरबत प्याले, तरी नाही. का नाही, तेच सांगायला बसले आहे. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. लिहिलं तर अर्धे लोक ‘नाव का छापलंत’ म्हणून भांडायला येतील आणि उरलेले अर्धे ‘आमच्या वाडीचं का नाही छापलंत’ म्हणून.

माझा धंदा प्रश्न विचारण्याचा. सर्व्हेवाली बाई. संडास, विहिरी, डास, बचतगट, कलमांवरच्या फवारण्या, सरकारला आणि संस्थांना जे जे जाणून घ्यावंसं वाटलं ते ते मी लोकांच्या पडवीत बसून विचारलं आहे. बाहेरच्यांना वाटतं, वाचायचा प्रश्न आणि लिहायचं उत्तर, त्यात काय मोठंसं! एकदा रत्नागिरीत येऊन विचारून बघा. इथे प्रश्नाला उत्तर देत नाहीत, उलटा प्रश्न देतात. ‘घरात माणसं किती?’ ‘का, जेवायला घालताय?’ ‘विहिरीला पाणी कुठवर असतं?’ ‘तुम्हाला कुठवर पाहिजे?’ म्हणून पहिला प्रश्न कधीही छापील विचारायचा नाही. मोहर कसा आलाय, सून बाळंत झाली का, अशी सुरुवात करायची. सरबत आलं की नको म्हणायचं नाही. अर्धा पेला संपला की समोरचा माणूसच म्हणतो, ‘बाकी तुमचं काय काम होतं?’ तेव्हा पिशवीतून टॅबलेट काढायचा. आधी काढलात तर वसुलीवाली समजून घरात कोणी नाही म्हणून सांगतात, आणि तेही घरातूनच सांगतात.

या अहवालाच्या प्रमुख विनया मॅडम. मोठ्या हुशार, आणि माणूस म्हणून फार चांगल्या, हे आधीच सांगते, कारण पुढे त्यांना थोडं हसणार आहे. प्रशिक्षणाला पुण्याला या, असा त्यांचा निरोप आला. मी फोनवर विचारलं, “मॅडम, विषय घरून काम करण्याचा आहे. मग प्रशिक्षण घरूनच नाही का होणार?”

“नाही हो,” त्या म्हणाल्या, “समोरासमोर बसल्याशिवाय नीट समजत नाही.”

मग कुंभार्ली घाटात ओकत ओकत मी पुण्याला गेले आणि आता माणसांना प्रवास कसा करावा लागत नाही, यावर दिवसभर व्याख्यान ऐकलं. जेवण मात्र चांगलं होतं.

आता गावात येऊ. खाडीच्या तोंडाशी मासेमारांची खारवीवाडी, वर सड्याकडे, म्हणजे कातळाच्या पठाराकडे जाताना देवळाची वाडी, असं ते गाव. खारवीवाडीतली तुळसाक्का माझ्या ओळखीची. लग्न होऊन मी मांडवीला आले तेव्हापासून आमच्या घरात तिचीच मासळी. नवरा बोटीवर असायचा, तो गेल्यावर तिने टोपली उचलली. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, पहिल्या एसटीने रत्नागिरीला यायचं, ठरलेली घरं करायची आणि दुपारी परत. तिचा मुलगा मंगेश मुंबईला विमा कंपनीत होता. टाळेबंदीत घरी आला तो परत गेलाच नाही. लोकांचे दवाखान्याचे दावे तपासायचे काम, ते लॅपटॉपवर कुठूनही होतं.

मला वाटलं, ओळखीचं घर, सोपं जाईल. मी पुढच्या अंगणात, खळ्यात बसून विचारलं, “आक्का, मंगेश घरून काम करतो ना?”

“कोन म्हनतं?” तुळसाक्का खेकसली. “माजा मंगेश कामाला जातो!”

आणि खरंच, तेवढ्यात मंगेश बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, पाठीला बॅग, हातात डबा. “येतो गो आये,” म्हणाला आणि पुढच्या दाराने निघाला. शेजारच्या तीन घरांना दिसेल असा हळूहळू चालत गेला, विहिरीला वळसा घातला आणि घराच्या मागच्या बाजूला जाळी ठेवायच्या खोपीत शिरला.

मी उठून मागे गेले. हा पठ्ठ्या जुन्या जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर लॅपटॉप ठेवून, बूट काढून बसलेला.

“मंगेश, कामाचं ठिकाण घरापासून किती लांब?” मी छापील प्रश्न विचारला.

“मागच्या दाराने आलो तर चार पावलं,” तो शांतपणे म्हणाला. “पण आयेला चालत नाय. पुढच्याच दाराने जा म्हणते. पावसात विहिरीकडे लय घसरतं वो.”

तुळसाक्काचं म्हणणं सरळ होतं. घरात बसलेल्या पोराला मुलगी कोण देणार? ‘काय गो, मंगेशची नोकरी गेली काय?’ असं वाडीतल्या बायका पाणी भरताना विचारायच्या. ती त्यांना सांगायची, रत्नागिरीला मोठ्या ऑफिसात आहे. सगळ्या वाडीला ते ऑफिस कुठे आहे ते ठाऊक होतं, कारण त्याच्या फोनवरचं बोलणं खोपीच्या झावळ्यांतून चार घरांत ऐकू जायचं. पण तिच्या तोंडावर बोलायची कोणाची टाप नव्हती.

असं मी पोरांचं काम लिहून घेत फिरत होते, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. अशी पोरंपोरी गावात बरीच होती. कोणी मुंबईहून परत आलेली, कोणी आधी रोज रत्नागिरीला नोकरीला जाणारी. आता सगळी घरी. आयांना बरं वाटत होतं, सणावारी वाट बघायला नको. पण सकाळची वस्तीची गाडी, जी रात्री देवळासमोर मुक्काम करते आणि सकाळी सुटते, ती रिकामी जायला लागली. एक दिवस कंडक्टर जाधवांनी बातमी आणली, की पॅसेंजर नाहीत म्हणून ही फेरी बंद करायचं डेपोत चाललंय. आधी निरीक्षक येऊन बघणार, मग ठरणार.

त्या दिवशी तुळसाक्का माझ्या ओट्यावर टोपली उतरवून नुसती बसून राहिली. भाव सांगितला नाही, बांगडे किती ताजे आहेत ते सांगितलं नाही, मी पाणी दिलं ते तसंच हातात धरून बसली. 

“गाडी बंद झाली तर मी काय करू गो बाय?” ती म्हणाली. “वडापवाला जीपमदी टोपली घेत नाय, वास येतो म्हनतो मेला. रिक्षा केली तर टोपली रिक्षावाल्यालाच देऊन घरी यावं लागंल. आता पोराच्या जिवावर बसून खाऊ काय?”

तिने म्हटलं नव्हतं तरी त्या दिवशी मी जास्त बांगडे घेतले. घरात खाणारी मी एकटी.

गावाने देवळात बैठक घेतली. आमच्याकडे मोठा निर्णय देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव मूर्तीला फुलांचे ओले कळे लावतो, प्रश्न सांगतो आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवीकडचा कळा पडला की होय, डावीकडचा पडला की नाही. गाडी राखायची का, असा कौल लावला. कळा उजवा पडला, तोही ताबडतोब. मग गावकरांनी, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्यांनी, हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! आज तुज्या गावची गाडी बंद पडाया लागलीय…”

“व्हय म्हाराजा!” सगळे एका आवाजात.

“ती कोन बंद पाडत असंल, त्याला चांगली बुद्धी दी…”

“व्हय म्हाराजा!”

या वेळी एक आवाज जरा उशिरा आला आणि मंगेशच्या खिशातून आला. त्याची ऑफिसची मीटिंग चालू होती आणि आवाज बंद करायचा राहिला होता. गावकर थांबले. मंगेश पांढराफटक. खिशातून मुंबईचे साहेब म्हणाले, “चालू द्या, चालू द्या. मी गुहागरकडचाच. माझंही एक सांगा देवाला, प्रमोशन अडलंय.” गावकरांनी जराही न अडखळता साहेबांचं प्रमोशन गाऱ्हाण्यात घातलं आणि आम्ही सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं.

देवाने होय म्हटलं, पण कसं ते सांगितलं नाही. ते गावाने ठरवलं. आमच्याकडे जुनी पद्धत आहे, पाखाडीच्या दगडी पायऱ्या बांधायच्या असोत, पऱ्याच्या ओढ्यावर लाकडी साकव घालायचा असो, की पालखीसमोरची वाट साफ करायची असो, घरटी एक माणूस द्यायचा. सबब चालत नाही. त्याच पद्धतीने ठरलं, की सकाळच्या गाडीला घरटी एक माणूस बसवायचा. पाळीने. गाडीने रत्नागिरीला जायचं आणि त्याच गाडीने परत यायचं, तिकीट काढून.

आता घरटी एक माणूस म्हणजे कोण? म्हाताऱ्यांचे गुडघे धरलेले, बायकांना चूल, बागायतवाल्यांना कलमं. सगळ्यांची नजर एकाच वेळी फिरली. गावकर म्हणाले, “हे पोरगे घरातच तर बसलेले असतात. त्यांना कुठं जायचंय? त्यांनाच पाठवा.”

अशा रीतीने ज्यांना कामासाठी कुठेही जावं लागत नव्हतं, नेमके तेच रोज सकाळी गाडीने जायला लागले. पाळ्या लावायचं काम मंगेशकडे आलं. तुळसाक्काला आनंदाचं भरतं. तिचा मुलगा आता खरोखर बूट घालून, डबा घेऊन, सगळ्या वाडीच्या देखत तिच्याच गाडीत चढत होता. तिने मला सांगितलं, “बगितलंस? म्हनलं हुतं ना, कामाला जातो!”

मी त्या गाडीने पाहणी म्हणून कितीतरी वेळा गेले. असं ऑफिस मी जन्मात बघितलं नाही. मांडीवर लॅपटॉप, कानात बोंडं, पायाशी बांगड्यांची टोपली. गाडी सड्यावर चढली की फोनला मस्त रेंज मिळायची, घाटी उतरताना जायची. म्हणून सगळ्यांनी आपापल्या मीटिंगा सड्यावर ठेवल्या. ड्रायव्हर देवमाणूस. कोणाचं बोलणं संपलेलं नसलं की वळणाच्या अलीकडे गाडी उभी करायचा. जाधव कंडक्टर घंटीला हात लावून विचारायचे, “झाली का मीटिंग? सोडू का गाडी?” मागून कोणीतरी ओरडायचं, “थांबा, हिचा साहेब अजून बोलतोय!” मग सगळी गाडी त्या साहेबाच्या नावाने बोटं मोडायची. त्या जागेला आता लोक मीटिंग स्टॉपच म्हणतात. देवळाच्या वाडीतली एक मुलगी अमेरिकेतल्या लोकांशी इंग्रजीत बोलत होती, तेव्हा तुळसाक्का मध्येच तोंड घालून म्हणाली, “त्यांना विचार, सुरमई पायजे काय.”

अडचण माझी झाली. टॅबलेटमध्ये ‘घरून काम करता का’ याला ‘होय’ केलं, की रोजच्या प्रवासाचे प्रश्न आपोआप बंद व्हायचे. ‘नाही’ केलं तर घरून कामाचे. मी विनया मॅडमना फोन लावला.

“मॅडम, इथे माणूस घरून काम करतो आणि रोज गाडीने जातो.”

“मग तो घरून काम करत नाही.”

“करतो की.”

“कुठे?”

“गाडीत.”

“म्हणजे गाडीवर कामाला आहे?”

“नाही हो. कंपनीत आहे. कंपनी मुंबईत, ऑफिस घरी, आणि बसतो गाडीत.”

“तो गाडीने जातो कुठे?” मॅडमनी हळूच विचारलं.

“परत घरी.”

मॅडम स्वतः यायला निघाल्या. घरून काम कसं चालतं ते बघायला पुण्याहून रत्नागिरीपर्यंत आल्या. त्या ज्या सकाळी गावात होत्या, नेमक्या त्याच सकाळी डेपोचे निरीक्षक तपासणीला आले. जाधवांना आदल्या संध्याकाळी कुणकुण लागली होती. त्यांनी ती मंगेशला दिली आणि मंगेशने ती गावभर केली.

सकाळी मी आणि मॅडम देवळाशी पोचलो तर जत्रा! त्या दिवशी पाळी-बिळी कोणी बघितली नाही. घरटी एक सोडाच, देवळाच्या वाडीतली घरंच्या घरं आली होती. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या, चुलीपुढच्या बायका, गावकर, गुरव, सगळे गाडीत. मंगेश पहाटेच खालून येऊन खिडकीत बसला होता, माणसं मोजत. आम्ही कशाबशा शिरलो. मागून निरीक्षक चढले. गाडी सुटली.

निरीक्षक चष्मा सावरत एकेकाला विचारायला लागले. “कुठे निघालात?”

“कामाला,” पहिला मुलगा म्हणाला.

“काम कुठे असतं?”

“घरी.”

निरीक्षकांनी त्याच्याकडे बघितलं, मग पुढच्याला विचारलं. तोही कामाला निघाला होता, त्याचंही काम घरी होतं. गुरवांना विचारलं तर ते म्हणाले, देवाने सांगितलं म्हणून. शेवटी ते विनया मॅडमकडे आले. मॅडमचे शहरी कपडे बघून निरीक्षकांना जरा धीर आला असावा.

“तुम्ही कुठे निघालात, मॅडम?”

“मी हे लोक कुठे निघालेत ते बघायला,” मॅडम म्हणाल्या.

“आणि तुम्ही?”

“मी ह्यांना ते दाखवायला,” मी म्हटलं.

निरीक्षकांनी घाम पुसला. मग ते म्हणाले, “तिकिटं काढलीत ना सगळ्यांनी?” सगळ्यांनी तिकिटं वर केली. “मग मला बाकीशी काय करायचंय? इतकी भरलेली गाडी मी तालुक्यात बघितली नाही. ही कशाला बंद होईल?”

काय तो जल्लोष! गावकरांनी तिथेच हात जोडले, म्हाताऱ्यांनी एकमेकींच्या पाठी थोपटल्या. मॅडम टॅबलेटकडे बघून मला म्हणाल्या, “हे कुठल्याच रकान्यात बसणार नाही हो. अपवाद म्हणून वगळावं लागेल.” मला वाईट वाटलं, पण त्या गडबडीत ते तेवढ्यावरच राहिलं.

आणि गाडी खारवीवाडीच्या थांब्याला आली.

थांब्यावर एकटी तुळसाक्का. डोक्यावर टोपली, टोपलीत त्या दिवशीची पापलेटं, वर ओलं फडकं. गाडी थांबली. दाराच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसं होती. जाधवांनी तिच्याकडे बघितलं, आत बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

“आक्का,” ते म्हणाले, “जागा नाय गो. टोपलीला तर नायच नाय. मागल्या गाडीनं ये.”

“मागली गाडी दुपारला!” तुळसाक्का किंचाळली. “तोवर ह्यांचं काय लोणचं घालू? जल्ला मेला तुमचा कौल! माजी गाडी राखलीत नि मलाच भाईर ठेवलात? काय रे मेल्यांनो, तुमच्यातल्या कोनाला तरी रत्नागिरीला जायचंय काय? एकाला तरी?”

गावकर खिडकीबाहेर समुद्र बघायला लागले. तिला जागा द्यायला उठावं असं सगळ्यांना वाटत होतं, पण निरीक्षकांच्या समोर उतरायचं कसं, ह्या भीतीने जो तो सीटला चिकटलेला. मीही. संस्थेच्या कामावर होते ना!

मंगेश उठला. बॅग पाठीला लावली, डबा घेतला आणि माणसांतून वाट काढत खाली उतरला. आईच्या डोक्यावरची टोपली त्याने स्वतः उतरवली, आत दिली आणि हातोहात टोपलीच त्याच्या सीटवर जाऊन बसली. “टोपलीचं पूर्ण तिकीट फाडा,” तो जाधवांना म्हणाला. मग आईला हात देऊन वर चढवलं.

आणि तो थांब्यावर उभा राहिला. बूट, इस्त्रीचा शर्ट, डबा. सगळी वाडी पाणी भरायला बाहेर आलेली. ज्या बायकांना त्याच्या आईने इतके दिवस मोठं ऑफिस सांगितलं होतं, त्या सगळ्या हंडे कमरेवर घेऊन त्याच्याकडे बघत होत्या. गाडी चालली आणि हा कामाला जाणारा मुलगा मागेच राहिला, हे आता कोणालाही दिसत होतं. त्याने खाली मान घातली आणि तो विहिरीला वळसा घालायच्या वाटेला लागला. पुढच्या दाराने मागे जायची ती नेहमीची वाट.

माझी मुलगी बंगळुरूला असते. तीही घरून काम करते, म्हणजे तिच्या घरून. मंगेशची ती खाली घातलेली मान बघून मला का कोण जाणे तिची इतकी आठवण आली, की मी तोंड फिरवलं. म्हणून तुळसाक्काचा चेहरा मला दिसला. ती दांड्याला धरून खिडकीतून बघत होती, आधी पोराकडे, मग त्या हंडेवाल्या बायकांकडे. जाधवांनी घंटी मारली.

तशी तिने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि खाडीवरच्या बोटींना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

“मंगेश! सरळ मागल्या दारानं जा रे! कामाला उशीर व्हतोय तुला!”